शेतातून काय निघून जातं ते मोजा: नाशिक परिसरात शाश्वत शेती शिकवण्याचे प्रत्यक्ष प्रयोग

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत आम्ही लोखंडी कडं जमिनीत ठोकत होतो. दोन ओळींच्या मधोमध, ट्रॅक्टरच्या चाकोरीत, ते आत जाईना. घणाच्या प्रत्येक घावाला खण्ण आवाज करून वर उडायचं. दोन हात पलीकडे वेलीखालच्या बोदावर, म्हणजे मातीच्या उंच वरंब्यावर, तेच कडं चार घावांत बसलं. मग दोन्हींत सारखंच पाणी ओतलं. बोदावरचं सहा मिनिटांत जिरलं. चाकोरीतलं पन्नासाव्या मिनिटालाही चकाकत होतं. स्टॉपवॉच धरून बसलेली मुलगी म्हणाली, "सर, हे बसूनच राहिलंय." बागेचे मालक, आम्ही त्यांना नाना म्हणतो, इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. ते जवळ येऊन खाली वाकले आणि म्हणाले, "म्हंजे पावसाचं पाणी माझ्या बागेतून असंच नाल्याला जातं का काय?"

त्या आधी मी वर्गात मृदा-जलसंधारणावर चार तास शिकवलं होतं. हा प्रश्न चार तासांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. 'शाश्वत शेती' हा शब्द उत्तरपत्रिकेत लिहिणं सोपं आहे. व्याख्या पाठ, तीन आधारस्तंभ पाठ, गुण मिळाले. पण शेत शाश्वत आहे की नाही हे बघायचं तर त्याचा जमाखर्च मांडावा लागतो, आणि त्यातली खर्चाची बाजू सहसा कोणी मोजत नाही. शेतातून पाणी जातं, माती जाते, सेंद्रिय कर्ब जातो, नत्र जातं आणि पिकून तयार झालेला माल साठवणीच्या चाळीत सडून जातो. खाली दिलेला प्रत्येक प्रयोग यातली एकेक गळती हाताने मोजायला शिकवतो. कृषी पदवीच्या रावेच्या, म्हणजे गावात जाऊन शेतीकामाचा अनुभव घेण्याच्या कार्यक्रमाच्या, गटांना, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्राच्या मुलांना, आणि आता ज्यांना फील्ड प्रोजेक्टचे श्रेयांक मिळवायचे आहेत अशा सगळ्यांना हे जमतं. महागडी उपकरणं जवळपास लागत नाहीत.

नाशिक जिल्हा यासाठी फार सोयीचा आहे. इगतपुरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि येवला-नांदगावकडे ५००-६००. पेठ-सुरगाण्याची वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची, जमीन, निफाडची काळी, सिन्नरचा मुरमाड भाग, मालेगाव-सटाण्याची डाळिंबं. एका बसच्या पल्ल्यात इतके फरक सापडतात. आणि शेतातून गेलेली माती कुठे पोहोचते हे दाखवायचं असेल तर मुलांना आधी नांदूर मध्यमेश्वरला न्यावं. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळच्या त्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षं साठलेल्या गाळावर पाणथळ तयार झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं. पक्षी बघून झाले की मी मुलांना एवढंच विचारतो, हा गाळ कुणाच्या शेतातला?

सुरुवातीला: प्रश्न, तुलना आणि चिठ्ठ्या

प्रकल्पाचा विषय वर्गात ठरवू नका. आधी शेतकऱ्याकडे जा, त्याच्याबरोबर तासभर शेतात फिरा आणि त्याला काय खटकतंय ते लिहून घ्या. "शेवटच्या ओळीतले वेल का मागे राहतात", "कांदा यंदा लवकर का सडला", "पाणी दिलं तरी वाफसा (जमिनीतली बेताची ओल) का टिकत नाही". हे प्रश्न कुठल्याही विषययादीपेक्षा चांगले असतात.

मग तुलना ठरवा. एकाच गोष्टीत फरक असलेले दोन किंवा तीन प्रकार घ्यायचे, आणि प्रत्येकाचं मोजमाप किमान तीन, जमलं तर चार-पाच ठिकाणी करायचं. जागा निवडताना हात आपोआप चांगल्या झाडाकडे जातो. म्हणून ओळींचे आणि खांबांचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचे आणि चिठ्ठी निघेल तिथेच मोजायचं, ती जागा गैरसोयीची असली तरी. शेताला उतार असेल तर उतारावर आडवे पट्टे पाडा आणि प्रत्येक पट्ट्यात सगळे प्रकार येऊ द्या. पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. आच्छादनाचे सगळे वाफे खालच्या बाजूला आले, तिथे ओल मुळातच जास्त होती, आणि तीन महिन्यांच्या नोंदींतून आच्छादनाबद्दल काहीच सांगता येईना. मुलांची मेहनत वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक, आणि हे टाळू नका. द्राक्ष, टोमॅटो, डाळिंबाच्या शेतात पाऊल टाकण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची झाली ते विचारा. औषधाच्या लेबलवर पुन्हा शेतात जाण्यासाठी थांबायचा काळ दिलेला असेल तर तो पाळा. पूर्ण बाह्यांचा सदरा, बूट, पाण्याची बाटली. उघड्या विहिरीच्या काठावरून नमुना घेताना दोघंजण असलेच पाहिजेत.

कड्याचा प्रयोग: पाणी किती वेगाने जिरतं

सातपूर किंवा अंबडच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १५ सेंटीमीटर आतल्या व्यासाच्या लोखंडी पाइपचे १५ सेंटीमीटर उंचीचे तुकडे कापून घ्या. एका कडेला ग्राइंडरने धार लावून घ्या. बाहेरून ७.५ सेंटीमीटरवर रंगाची रेघ मारा, तिथपर्यंत कडं जमिनीत गेलं पाहिजे.

जागेवरचा पालापाचोळा हलकेच बाजूला करा, माती खरवडू नका. कड्यावर लाकडी फळी ठेवून घणाने ठोका, म्हणजे कडं सरळ जातं. आतल्या कडेने बोटाने माती दाबून घ्या, नाहीतर पाणी फटीतून पळतं. आता आत पातळ प्लास्टिकचा कागद पसरा, त्यावर मोजून ४५० मिलिलिटर पाणी ओता आणि कागद अलगद ओढून घ्या. त्याच क्षणी घड्याळ सुरू. या आकाराच्या कड्यात एवढं पाणी म्हणजे साधारण २५ मिलिमीटर पाऊस. पृष्ठभागावरची चकाकी गेली की घड्याळ थांबवा. मग त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा तेवढंच पाणी ओता. पहिल्या वेळी माती फक्त भिजते, म्हणून तुलनेसाठी दुसऱ्या वेळेचा आकडा धरायचा.

आमच्या बागेत बोदावरचा दुसरा आकडा सहा मिनिटं, म्हणजे तासाला २५० मिलिमीटर. चाकोरीत पन्नास मिनिटं, म्हणजे तासाला ३० मिलिमीटर. अवकाळीची एखादी जोरदार सर अर्ध्या तासात २५ मिलिमीटर ओतून जाते, तेव्हा चाकोरीतून पाणी वाहणारच. फवारणीसाठी हंगामात ब्लोअर लावलेला ट्रॅक्टर त्याच दोन रेषांवरून किती वेळा जातो, हे नानांच्या फवारणीच्या वहीतून मुलांनी मोजून काढलं. हा आकडा त्यांनी स्वतः काढल्यामुळे जमीन दबण्याचा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

काळ्या जमिनीत एक सावधगिरी. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असताना हा प्रयोग केलात तर पाणी भेगेतून धाडकन खाली जातं आणि जमीन फारच उत्तम असल्याचा भास होतो. वाफसा असतानाच मोजा. दोन्ही प्रकार एकाच दिवशी मोजा.

शेतकऱ्याला मिलिमीटर सांगून उपयोग नाही. एक एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४००० लिटर. एका पावसात १० मिलिमीटर वाहून गेलं तर ४० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. उन्हाळ्यात टँकरने बाग जगवलेल्या माणसाला हे लगेच समजतं.

चहाच्या गाळणीतलं ढेकूळ

हा प्रयोग दहा मिनिटांचा आहे आणि वर्गाच्या टेबलावर होतो. शेतातून बोराएवढी ढेकळं आणा, सावलीत पूर्ण वाळवा. काचेच्या ग्लासात पाणी भरून तोंडावर चहाची गाळणी टेकवा, गाळणीत ढेकूळ ठेवा. पाच मिनिटांत ते टिकतं की विरघळून खाली बसतं ते पाहा.

एका ढेकळाबरोबर दुसरं हवंच, आणि ते त्याच शेताच्या बांधावरचं असावं, जिथे कित्येक वर्षं गवत आहे आणि नांगर लागलेला नाही. माती तीच, वागणूक वेगळी. बांधावरच्या ढेकळातून गवताची बारीक मुळं पाण्यात लोंबताना दिसतात आणि ढेकूळ तग धरतं. रोटाव्हेटरखालचं ढेकूळ बघता बघता चिखल होतं. मात्र निफाडची काळी आणि त्र्यंबककडची तांबडी माती समोरासमोर ठेवू नका. काळी माती वाळून पाण्यात गेली की स्वभावानेच फुटते, त्यावरून तिला वाईट ठरवणं चुकीचं.

ग्लास तसाच दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या. पाणी निवळलं तर ठीक. दुधासारखं गढूळच राहिलं तर जमिनीत सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे, त्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. गढूळ ग्लास बघून शेतकऱ्याला लगेच सोडियमवरचा उपाय म्हणून जिप्सम टाकायला सांगू नका.

मांजरपाट पुरून ठेवा

मातीत जिवाणू आहेत, बुरशी आहे हे मुलं पाचवीपासून ऐकत असतात. ती काम करताना दिसावीत यासाठी शुद्ध सुती कापडासारखं दुसरं साधन नाही. कापड म्हणजे सेल्युलोज, आणि मातीतले जीव ते खातात. दुकानात मांजरपाट मागा, मिश्र धाग्याचं कापड नको. गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका, वाळवा, १० × १० सेंटीमीटरचे तुकडे कापा, प्रत्येकाचं वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत घ्या. एका कोपऱ्याला नायलॉनचा दोरा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेला क्रमांक बांधा.

पावसाळ्यात, जमिनीत ओल असताना, १० सेंटीमीटर खोल उभा काप घेऊन तुकडा आत सरकवा आणि माती दाबा. प्रत्येक प्रकाराचे किमान पाच तुकडे हवेत: पाचटाचं आच्छादन असलेला बोद, उघडा बोद, चाकोरी आणि बांध. सहा ते आठ आठवड्यांनी काढा. जोरात ओढू नका, खुरप्याने बाजूची माती मोकळी करा. हलक्या पाण्याच्या धारेखाली धुवा, वाळवा, वजन करा. किती टक्के कापड गेलं हाच मातीच्या जिवंतपणाचा अंदाज.

जागेची खूण मात्र नीट करा. एका वर्षी आम्ही बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या. निंदणीच्या वेळी त्या उपटल्या गेल्या, चाळीस तुकड्यांतले अकराच सापडले. आता आम्ही मांडवाच्या खांबापासून टेपने अंतर मोजतो: ओळ सात, खांब चार, पूर्वेला साठ सेंटीमीटर. खांब कोणी उपटत नाही.

द्राक्षबागेत निकाल अपेक्षेपेक्षा मंद आला तर बोर्डो मिश्रणाचा आणि इतर ताम्रयुक्त औषधांचा इतिहास विचारा. तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही की विघटित होत नाही, वरच्या थरात साठत जातं आणि बुरशीसाठी मारलेलं औषध मातीतल्या उपयोगी बुरशीलाही सोडत नाही. इथून वनस्पतिशास्त्राची मुलं रसायनशास्त्राच्या मुलांकडे जातात, आणि ते मला फार आवडतं.

सेंद्रिय कर्बाची वॉल्कली-ब्लॅक पद्धत प्रयोगशाळेत शिकवतातच. १९३४ सालची ही पद्धत आजही उपयोगी आहे, पण तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं. शाश्वत शेतीच्या प्रात्यक्षिकानंतर क्रोमियमचं पाणी बेसिनमध्ये ओतलं जात असेल तर आधी ते थांबवा. टाकाऊ द्रावण वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत साठवा. पोटॅशियम परमँगनेटने सक्रिय कर्ब मोजण्याची पद्धत कमी घातक आहे आणि दोन मशागतींमधला फरक ती लवकर दाखवते.

सोळा वाट्यांचा प्रयोग: ठिबक खरंच सारखं देतं का

मला एकच प्रयोग निवडायला सांगितला तर मी हा निवडेन. ठिबक बसवलं म्हणजे पाणी वाचलं अशी सगळ्यांची समजूत असते. संच पाच-सात वर्षांचा झाला की काय होतं ते कोणी मोजत नाही.

एक व्हॉल्व्ह, म्हणजे एका वेळी भिजणारा भाग निवडा. त्यातल्या चार लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या ओळीतल्या बारीक नळ्या, घ्या: पहिली, एक तृतीयांश अंतरावरची, दोन तृतीयांश अंतरावरची आणि शेवटची. प्रत्येक लॅटरलवर तशाच चार जागचे ड्रिपर. झाले सोळा. प्रत्येक ड्रिपरखाली वाटी बसेल एवढा खळगा करा. पाणी नळीच्या पोटाला धरून पुढे पळतं आणि वाटीत पडतच नाही, म्हणून ड्रिपरला सुती दोरा गुंडाळून त्याचं टोक वाटीत सोडा. या दोऱ्यावाचून आमचे पहिले सगळे आकडे चुकले होते.

मोटार सुरू करून दहा मिनिटं थांबा, दाब स्थिर होऊ द्या, फिल्टरच्या पुढचा-मागचा दाब लिहून घ्या. मग प्रत्येक ड्रिपरखाली नेमकी तीन मिनिटं वाटी धरा. मोजपात्रात पाणी मोजा. सोळा आकडे शेताच्या नकाशासारखेच, चार ओळी आणि चार रकाने करून, मांडा. यादी करू नका, नकाशा करा. कारण पुढे दिसेल.

आता सोळांची सरासरी काढा. सर्वांत कमी आलेल्या चारांची वेगळी सरासरी काढा. दुसरीला पहिलीने भागून शंभराने गुणा. समजा एकूण सरासरी १९० मिलिलिटर आली, म्हणजे तासाला ३.८ लिटर. चार लिटरच्या ड्रिपरला हे छान वाटतं. पण तळच्या चारांची सरासरी १३३ असेल तर समानता फक्त ७० टक्के. ९० च्या वर उत्तम, ८० ते ९० चांगली, ७० च्या खाली गेली तर संचाला दुरुस्ती हवी.

या ७० टक्क्यांचा अर्थ मुलांना शेतकऱ्याच्या नजरेतून समजावा. मागे राहिलेले वेल डोळ्यांना दिसतात, म्हणून शेतकरी त्यांच्यासाठी मोटार जास्त वेळ चालवतो. दोन तास पुरले असते तिथे त्या वेलींचं पोट भरायला पावणेतीन तासांहून जास्त लागतात. त्या वाढीव वेळात चांगल्या ड्रिपरखालचं पाणी मुळांच्या खाली उतरतं आणि जाताना ठिबकमधून दिलेलं नत्र घेऊन जातं. वीज गेली, पाणी गेलं, खत गेलं, आणि वर "ठिबक आहे" ही नोंद तशीच.

कारण शोधायला तो नकाशा कामी येतो. कमी आकडे सगळे लॅटरलच्या टोकाला असतील तर दाबाचा किंवा नळीच्या लांबीचा प्रश्न आहे. ते शेतभर विखुरलेले असतील तर ड्रिपर तुंबलेत. आपल्याकडे विहिरी-बोअरच्या पाण्यात चुना बराच असतो, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं किटण धरतं. शंका असेल तर ते किटण खरवडून त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. फसफसलं तर चुनाच. मातीवरही हाच थेंब टाकून बघा. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही वेलीला मिळत नाही आणि कोवळी पानं शिरांमध्ये का पिवळी पडतात, हा धडा तिथल्या तिथे होतो.

मग फिल्टर धुवा, लॅटरलची टोकं एकेक करून उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. सुरुवातीला तपकिरी, घाण वासाचं पाणी येतं, ते बादलीत धरून मुलांना दाखवा. त्यानंतर त्याच सोळा ड्रिपरवर पुन्हा मोजा. आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी लिहिला की तेवढ्याने अहवालाचा अर्धा जीव तयार होतो. आम्ल सोडून संच धुण्याचं काम विद्यार्थ्यांनी करायचं नाही, ते संच बसवणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्यावं.

याला जोडून बागेच्या विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट पट्टीने तपासा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट इतकं आहे. काही पट्ट्या नायट्रेट न दाखवता नायट्रेटमधलं नत्र दाखवतात, तो आकडा ४.४३ ने गुणावा लागतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कोणाच्या विहिरीबद्दल बोलू नये.

चाळीतला कांदा

शाश्वत शेतीच्या अभ्यासात काढणीनंतरचा माल सहसा येतच नाही. लासलगाव-पिंपळगावच्या मुलखात राहून हे वगळणं मला पटत नाही. सडलेल्या प्रत्येक कांद्याबरोबर त्याला दिलेलं पाणी, खत आणि मजुरी सडते.

उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो आणि पावसाळ्यातून पुढे चाळीत राहतो. हा प्रकल्प त्यामुळे सुट्टीतही चालवावा लागतो. गटात त्या गावचं कोणी असेल तरच घ्या. तीन प्रकार करा. पहिला, पातीसकट शेतात तीन दिवस सुकवलेला, मग दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापलेला आणि सावलीत दहा-बारा दिवस वाळवलेला. दुसरा, काढल्याबरोबर पात कापून थेट साठवलेला. तिसरा, पहिल्यासारखाच वाळवलेला पण जाड मानेचे, जोड आणि डेंगळ्यांचे (फुलाचा दांडा आलेले) कांदे वेगळे न काढलेला. प्रत्येक प्रकाराच्या पाच किलोच्या चार जाळीच्या पिशव्या. सगळ्या पिशव्या चाळीत एकाच उंचीवर ठेवा, कारण तळाला आणि वरच्या थरात हवा वेगळी असते. शेजारी तापमान आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळ टांगा, सकाळ-संध्याकाळ नोंद घ्या. साध्या चाळीसाठी २५ ते ३० अंश आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली समजतात, जुलैमध्ये आपली चाळ यापासून किती लांब जाते ते नोंदीत दिसेल.

दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडा. सडलेले वेगळे, कोंब आलेले वेगळे, चांगले वेगळे, आणि तिन्हींचं वजन. दोन महिन्यांनी समजा चांगले ४.१ किलो उरले, एकूण सड ०.३५ आणि कोंब ०.०५ भरले, तर उरलेली ०.५ किलो ही वजनातली घट. एकूण नुकसान १८ टक्के, पण त्यात खरी सड ७ टक्के. हे तिन्ही वेगळे ठेवणं फार महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. विकिरणाने कोंब थांबतात, सड थांबत नाही. सडीची मुळं शेतात असतात: उशिरापर्यंत दिलेलं नत्र, काढणीच्या तोंडावर दिलेलं पाणी, वाळवण्यातली घाई. म्हणून प्रत्येक पिशवीबरोबर त्या शेताचा खत-पाण्याचा इतिहासही लिहा.

शेवटचं गणित मुलांकडून करून घ्या. मोटारीचा प्रवाह बादली आणि घड्याळाने मोजा, हंगामातले मोटारीचे तास शेतकऱ्याला विचारा. समजा एकराला २० लाख लिटर पाणी गेलं आणि १०० क्विंटल कांदा निघाला, तर किलोमागे २०० लिटर. ७ टक्के सड म्हणजे ७०० किलो, म्हणजे १ लाख ४० हजार लिटर पाणी चाळीत सडलं. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमच्या शेताचे वेगळे येतील आणि तेच वापरायचे.

कंपोस्ट, थोडक्यात

कंपोस्टचे ढीग सगळीच महाविद्यालयं करतात, म्हणून फार लिहीत नाही. ढीग मीटरभर लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. खरड छाटणीच्या (द्राक्षाच्या उन्हाळी छाटणीच्या) काड्या बारीक करूनच घाला. लांब दांड्याच्या तापमापकाने रोज एकाच वेळी मध्यभागाचं तापमान घ्या, ते ५५ ते ६५ अंशांवर जाऊन उतरलं की पालटा, पुन्हा चढतं का पाहा.

खत तयार झालं की नाही हे मात्र रंगावरून ठरवू नका, बियांना विचारा. एक भाग खत आणि दहा भाग पाणी तासभर ढवळून गाळा. एका बशीत ओल्या टिपकागदावर मेथीचे वीस दाणे या पाण्यात, दुसऱ्या बशीत साध्या पाण्यात. तीन दिवसांनी उगवलेले दाणे मोजा, मुळांची लांबी पट्टीने मोजा. दोन्हींचा गुणाकार करून साध्या पाण्याशी टक्केवारी काढा. ८० च्या पुढे असेल तर खत पिकाला द्यायला हरकत नाही. कच्च्या खताच्या बशीतली तोकडी, तपकिरी टोकाची मुळं एकदा पाहिली की मुलं अर्धवट कुजलेलं खत कधीच रोपांना घालत नाहीत.

राब: शेतकऱ्याची पद्धत आधी समजून घ्या

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागात भात-नागलीच्या रोपांसाठी पावसाआधी शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजतात. शहरातली मुलं हे बघून लगेच "किती प्रदूषण" म्हणतात. मी त्यांना आधी तिथल्या मावशींना विचारायला लावतो की राब का भाजता. उत्तर स्पष्ट असतं: तण येत नाही, रोप जोमात येतं आणि आवणीच्या (रोपं शेतात लावण्याच्या) वेळी सहज उपटून निघतं. उष्णतेने वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं. पद्धतीला कारण आहे.

मग तुलना करा: भाजलेला वाफा, शेणखताचा गादीवाफा, आणि गादीवाफ्यावर पहिल्या पावसाने उगवलेलं तण काढून मग पेरलेला वाफा. तिसरा प्रकार आम्हाला एका शेतकरी मावशींनीच सुचवला. भाजायला लागलेला पाला-लाकूड काट्यावर तोलून घ्या. पंधराव्या दिवशी ५० × ५० सेंटीमीटरच्या चौकटीत तण मोजा, एकविसाव्या दिवशी वीस रोपांची उंची घ्या, आणि शंभर रोपं उपटायला किती मिनिटं लागली तेही लिहा. हा शेवटचा आकडा पुस्तकात मिळत नाही, पण पद्धत बदलायची की नाही ते बाया त्यावरच ठरवतात.

गुण कशाला द्यायचे, आणि कागद कोणाला

मी वहीला सर्वांत जास्त गुण देतो. शेतात पेनाने लिहिलेली, चिखल लागलेली, खोडलेला आकडाही वाचता येईल अशी वही. घरी उतरवून काढलेली स्वच्छ वही मी परत करतो. निकाल अपेक्षेविरुद्ध आला म्हणून गुण कापत नाही, मोजमाप चुकलं हे मुलाने स्वतः शोधून सांगितलं तर वाढवतो. पिकात काही वेगळं दिसलं की मुलांना कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किंवा पिंपळगाव बसवंतच्या कांदा-द्राक्ष संशोधन केंद्रात प्रश्न घेऊन पाठवतो. तिथली माणसं वेळ देतात, फक्त आकडे सोबत हवेत.

आणि ज्याच्या शेतात काम केलं त्याला एक कागद द्यायचाच. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्यात टक्केवारी नको. मोटारीचे तास, टँकर, किलो आणि रुपये हवेत. सोळा ड्रिपरचा नकाशा काढा, कमी आलेल्यांना लाल गोल करा, खाली ओळ आणि खांबाचा क्रमांक लिहा. तो कागद पोस्टाने किंवा मोबाइलवर पाठवू नका, गटाने जाऊन हातात द्या आणि वाचून दाखवा. नानांना दिला तेव्हा त्यांनी चष्मा लावून लाल गोल मोजले, मग उठून म्हणाले, "चला, ओळ नऊ दाखवा." मुलं त्यांच्यामागे बागेत गेली, आणि मी वाट्या गोळा करायला घेतल्या.